धुंडीची साक्ष

"मग तुमी कोण?" खिडकीतल्या शिपायानं विचारलं, आणि थावरा राठोडला एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही. प्रश्न काही अवघड नव्हता. हाच प्रश्न त्याला आजवर रेल्वेच्या टीसीनं, जंगलखात्याच्या गार्डानं, एकदा तर वारंगा फाट्यावर गाडी बंद पडलेल्या कलेक्टरनंही विचारला होता, आणि दर वेळी त्यानं असं काही उत्तर दिलं होतं की विचारणारा सरकून बसायला जागा देई आणि पुढं ऐकत राही. कलेक्टरला त्यानं सांगितलं होतं, आपण हंशा बैलाच्या मालकाचे नातू. हंशा म्हणजे तो बैल, जो पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन एकटाच हैदराबादला गेला, वाटेत कुणाला रस्ता विचारला नाही, आणि येताना शिंगाला निजामाची चिठ्ठी बांधून आला. चिठ्ठीत काय होतं, असं कलेक्टरनं विचारलं तेव्हा थावरा म्हणाला होता, 'बैलानं खाल्ली ना साहेब वाटेत, भूक लागली त्याला.' सगळा फाटा हसला होता. आज मात्र तो वाकून खिडकीतून आत बघायला लागला. जेलच्या भिंतीतली खिडकी मांजर जाईल एवढी. तिच्यापलीकडं शिपायाचं अर्धंच तोंड दिसत होतं, मिशी आणि हनुवटी, आणि ती हनुवटी पुन्हा हलली.

"बाबा, रागानं विचारून न्हाई राहिलो. नीट ऐका. तुमाला भेटायचंय मिना थावरा राठोडला. त्या नावाचं कुणी इथं न्हाई. दिपक थावरा राठोड आहे. पण तुमीच कोर्टात लिहून दिलं की मला दिपक नावाचा मुलगा न्हाई, मला मिना नावाची मुलगी आहे. कॉपी आली आमच्याकडं. मुलाखत मिळते रक्ताच्या माणसाला. मिना इथं न्हाई, अन् दिपकचे तुमी कुणी लागत न्हाई. मग तुमी कोण?"

"बाप," थावरा म्हणाला.

"कुणाचा?"

मागच्या बाईनं कोपर लावलं. तिच्या हातातल्या डब्याची कड थावराच्या बरगडीत रुतली. "साडेबाराला खिडकी बंद होते," शिपाई म्हणाला, "तोवर ठरवून या." जसं काही बाजारातून कोणती भाजी आणायची तेच ठरवायचं होतं.

तो बाजूच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसला. बाक कुणीतरी कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला होता, पण बसणाऱ्यांच्या पाठी घासून घासून मेलेल्याचं नाव उडालं होतं, नुसतं 'कैलासवासी' राहिलं होतं. उन्हानं बाक तापला होता. ठरवायचं काय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ठरवता येत नव्हतं. मुलगा म्हटलं तर आत जाता येईल. मुलगा म्हटलं तर त्या वहीत तसं लिहिलं जाईल, आणि गुरुवारी खंडपीठात तिला इथून हलवायचा अर्ज निघेल तेव्हा सरकारी वकील ती वही उघडून दाखवील. वकील प्रज्ञेशनं दहादा बजावलं होतं. प्रज्ञेश आखाडा बाळापूरचाच, तिशीतला, कोटाच्या खिशात कायम दोन पेन. 'काका, गुरुवारपर्यंत तोंडातून मुलगा शब्द काढायचा न्हाई. गोष्टीतसुद्धा न्हाई. तुमचं तोंड म्हणजे उघडं गोदाम हाय, म्हणून सांगून राहिलो.' बरं, मुलगी म्हणून परत जावं, तर पारुबाईनं आणलेली खबर छातीवर बसलेली. पारुबाई ही वसमतची, मिनाची गुरू, जिच्या घरात मिना गेली दहा वर्षं राहत होती. ती काल तांड्यावर आली, पाणीसुद्धा न पिता उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, 'आतून सुटलेला एकजण फाट्यावर भेटला. चार दिवस झाले, लेकरू जेवलं न्हाई म्हणे. मला तर जवळ उभं करत न्हाईत. तुझं रक्त हाय, तू जा.' रक्त आहे, म्हणून तो आला होता. आणि इथं रक्तालाच विचारत होते, तू कोण.

चूक धुंडीनं झाली. नाही, धुंडीची त्यात काय चूक, चूक ती सांगण्याची. वर्षभरात तांड्यात जो मुलगा जन्मतो, त्याची होळीला धुंड होते. आईच्या मांडीवर लेकरू, त्याच्यावर चौघांनी आडवी धरलेली लांब काठी, आणि भोवतीच्या पोरांनी हातातल्या काठ्यांनी त्या काठीवर धरलेला ठेका. गाणी, आशीर्वाद, लापशी. तेवढं झालं की लेकरू तांड्याचं. मुलींची धुंड होत नाही. त्याच्या बायकोला, मिराबाईला, आधी दोन्ही मुली झाल्या, त्या दोन्ही वर्षी काठ्या शेजारच्या दारात वाजल्या आणि थावरा आपल्या दारात बसून, आपल्याला ढोलाच्या आवाजानं पोटात कळ येते, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला. तिसऱ्या वर्षी काठ्या त्याच्या दारात आल्या. त्या दिवशीचं ऊन त्याला अजून आठवतं, कारण हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली होती आणि पोरांच्या नाचण्यानं तिची धूळ उडून सगळेच पिवळे झाले होते. लेकरू रडलं नाही. काठीवर काठी आदळत होती, त्याच्या तोंडापासून वीतभरावर, आणि ते टकाटका वर बघत होतं. मिराबाईनं मात्र प्रत्येक ठोक्याला डोळे मिटले. थावरानं पुढं पंचवीसेक वर्षं सांगितलं की त्या काठ्यांचा आवाज इसापूरच्या धरणापर्यंत गेला, मगरी पाण्याबाहेर येऊन काठावर ओळीनं बसल्या, आणि धरणाच्या इंजिनियरनं निरोप पाठवला की जरा हळू वाजवा, भिंतीला चीर जाईल.

मगरीचं जाऊ दे. काठ्या मात्र खऱ्या होत्या.

लेकरू सहा वर्षांचं असताना एकदा मिराबाईचा फेटिया नेसून, तो आरशांचा जड घागरा दोन्ही हातांनी उचलून, हळदीच्या ढिगांमधून चालत गेलं. माणसं बघायला लागली. थावराला त्या दिवशी काहीतरी दिसलं. दगड उचलल्यावर खाली काहीतरी वळवळावं तसं. त्यानं दगड लगेच परत ठेवला. म्हणाला, 'त्याच्या अंगात लमाणांची राणी येते. दर मंगळवारी. लाखाच्या तांड्याची मालकीण होती.' माणसं हसली, एकदोघींनी तर पाया पडल्यासारखंही केलं. लेकरानं ते ऐकलं. लेकरानं ते खरं धरलं. पुढं किती दिवस ते विचारत असे, 'बा, राणीचं नाव काय होतं? बा, ती बुधवारी कुठं जाते?' तो रोज नवं नाव सांगायचा, रोज नवा मुलूख. आता त्या तापलेल्या बाकावर बसून त्याच्या लक्षात आलं की लेकरू गोष्ट विचारतच नव्हतं. ते स्वतःबद्दल विचारत होतं, आणि त्यानं त्याला स्वतःबद्दल एकही खरी गोष्ट सांगितली नाही. अठराव्या वर्षी ते पारुबाईकडं गेलं, तेव्हा त्यानं तांड्यात सांगितलं की पोरगं मुंबईला नाटकात आहे. दिवाळीला मिना आली, कानात डूल, केसांची जाड वेणी, आणि हे ऐकून खाटेवर लोळून हसली. 'बा, तू मला कुठंबी पाठव. मुंबईला पाठव, दुबईला पाठव. घराबाहेर तेवढं पाठवू नको.' त्यानं पाठवलं नाही. एवढंच त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं होतं. हाताला धरून कुणापुढं उभंही केलं नाही.

मग दोन महिन्यांपूर्वी फाट्यावर ते झालं. कुठल्याशा बंदोबस्ताआधी पोलिसांनी हायवेवरच्या 'तसल्या' सगळ्यांना गाडीत घातलं, आणि एक पुरुष शिपाई झडती घ्यायला लागला. मिना म्हणाली, बाई पोलीस बोलवा. त्यानं हात घातला. तिनं तो झटकला. बस, एवढाच गुन्हा. कागदावर मात्र तो सरकारी नोकरावर हल्ला आणि सरकारी कामात अडथळा असा झाला. थावराला वाटलं, आपल्यापेक्षा मोठे गोष्टी सांगणारे ठाण्यात बसलेत.

आठवड्यानं दोघं पोलीस चौकशीला तांड्यावर आले. तोवर मिनाला जेलात वेगळं ठेवलेलं होतं, कारण डॉक्टरला की कुणाला काय लिहावं ते ठरवता येत नव्हतं. 'पोरगं का पोरगी, ते बराबर सांगा,' त्यातला लिहिणारा म्हणाला. आणि थावराला त्याच्या आजाचं बोलणं आठवलं. आजा सांगायचा, निजामाच्या काळात पोलीस तांडा मोजायला यायचे. सगळ्यांनी रांगेत बसायचं. कुठं काही चोरीला गेलं की आधी तांड्यावर, आणि ज्याला कुणी आपला म्हणणार नाही त्याला बेवारस म्हणून उचलायचं. मग तो परत यायचा नाही. तेव्हा तांड्याचा प्रमुख, नायक, उठून उभा राहायचा आणि सांगायचा, ह्याची धुंड आमच्यात झालीय. त्यावर पोलीस हात काढायचे. आजानं हे इतक्यांदा सांगितलं होतं की थावराच्या हाडात ते मिठासारखं मुरलं होतं: पोलीस आले, तर धुंड सांगायची. लेकरू एकटं नाही, हे सांगायचं. त्यानं नायकाला, वसरामला, बोलावणं पाठवलं. चार म्हातारे गोळा केले. खाटा टाकल्या, चहा झाला. आणि मग त्यानं सांगितलं, आयुष्यात सांगितलं नसेल असं रंगवून, डोळ्यांत पाणी आणून: माझं पोरगं आहे ते, माझ्या दारात त्याची धुंड झाली, अख्खा तांडा जेवला, हे बघा साक्षीला पाच माणसं. काठ्या, हळद, धरण, मगरी. पोलिसानं मगरी तेवढ्या गाळल्या. बाकी अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. जन्मभर थापा मारल्या, त्या कुणी लिहिल्या नाहीत. एकदाच खरं बोलला, त्याच्याखाली पाच अंगठे उठले. पोलीस जाताना हसतमुखानं म्हणाला, 'बाबा, काम सोपं केलं तुमी.' मिराबाई चुलीजवळ होती. धूर नसतानाही तिनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "पोरगी म्हणाला असतास तर जीभ झडली असती का?"

तो जबाब गेला त्याच दिवशी मिनाला पुरुषांच्या बरॅकमध्ये टाकलं. पन्नासाच्या जागेत नव्वद माणसं. वेणी कापली, मग डोक्यावरून मशीन फिरवली. पहिल्या मुलाखतीला ती जाळीपलीकडं आली तेव्हा थावरानं तिच्या मागं बघितलं, मिना कधी येते म्हणून. उन्हाळा पेटला होता, आणि तिनं शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या होत्या, वर दोन्ही मुठींत कॉलर धरून ठेवली होती. पंधरा मिनिटं तिनं कॉलर सोडली नाही. रात्री काय होतं, मोजणीला सगळ्यांसमोर शर्ट कोण काढायला लावतं, ते तिनं सांगितलं नाही. ते पुढं प्रज्ञेशनं कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवताना मधली एक ओळ गाळली. ती एवढंच म्हणाली होती, "बा, काहून सांगितलंस धुंडीचं?"

"तू बेवारस न्हाईस, हे सांगाया."

ती जाळीला कपाळ लावून हसली. डूल काढून घेतलेल्या कानांच्या पाळ्या लोंबत होत्या. "बेवारस म्हणला असतास तर वेगळं ठेवलं असतं रे, बा."

मग धावपळ. थावरा वसरामच्या दारात गेला. जबाब परत घे म्हणाला, पाचांनी मिळून लिहून द्या. वसराम नायक तंबाखू मळत होता, मळतच राहिला. "थावऱ्या, धुंड म्हणजे काय सातबारा हाय का, फेरफार कराया? झाली ती झाली. आज तुझी मागं घेतली तर उद्या अख्ख्या तांड्याला इचारतील, तुमची खरी का खोटी. अन् तुझं काय, तू सकाळी एक बोलशील, सांजच्याला बैल हैदराबादला जाईल." म्हातारे हसले. थावरालाही सवयीनं हसू आलं, आणि घरी येईपर्यंत ते तोंडावरून पुसताच येईना. शेवटी प्रज्ञेशनं त्याच्या एकट्याच्या नावानं प्रतिज्ञापत्र केलं: मला मिना नावाची मुलगी आहे. त्यानं सही केली, आणि त्या ओळीनं त्याला बरं वाटलं. लिहिल्यावर किती साधी दिसत होती. ती वीस-बावीस वर्षांपूर्वी हळदीच्या अंगणात बोलता आली असती.

त्या कागदाचं फळ असं, की कोर्टाचा हुकूम यायच्या आधीच जेलानं तिला 'तिच्याच सुरक्षेसाठी' मागच्या अंगणातल्या एका खोलीत हलवलं. आधी तिथं फाटकी कांबळी ठेवत. खिडकी नाही. दिवसाला अर्धा तास बाहेर, तोही बाकी सगळे आत असताना. आज अकरावा दिवस. आधी नव्वद माणसं होती, आता एकही नाही; मधलं काही सरकारकडं नव्हतंच. प्रज्ञेश म्हणाला, काका, जगभर हेच औषध देतात. आणि चहाच्या टपरीवर त्यानं मोबाइलमधून वाचून दाखवलं, तिकडं तुर्कस्तान, इराणच्या डोंगरांत कुर्द म्हणून माणसं राहतात, पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, त्यांचा मुलूख चार देशांनी वाटून घेतलाय. त्यांची बोली, त्यांचे सण, सगळ्यावर पोलिसांची नजर. आणि त्यांच्यातलं कुणी मिनासारखं असलं, तर जेलात त्याचे दोनदा हाल; एकदा कुर्द म्हणून, एकदा तसं म्हणून. 'तिथंबी एकटं कोंडतात. सुरक्षेसाठी.' एरवी दूरच्या मुलखाचं नाव निघालं की थावराच्या डोक्यात बैल जुंपले जात. त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "त्यांच्यात पोरांची धुंड करतात का?" प्रज्ञेशला कळलं नाही. म्हणाला, म्हणजे? थावरा म्हणाला, "न्हाई. असलं तर त्यांच्या बापांना सांगून ठेवावं म्हणलं."

बारा वीस झाले होते. खिडकीसमोरची रांग सरली होती. डब्याची बाई आतून परत आली, डबा तसाच भरलेला, ती कुणाकडंच बघत नव्हती. गुरुवार अजून पाच दिवस लांब होता. चार अधिक पाच. न जेवता माणूस किती दिवस काढतं? त्याच्याच एका गोष्टीत एक लमाण चाळीस दिवस वाऱ्यावर जगला होता, सकाळचा वारा, दुपारचा वारा, प्रत्येकाची चव वेगळी. ती गोष्ट मिनाला फार आवडायची. त्याला एकदम शिसारी आली, स्वतःच्या तोंडाची. गुरुवारी हुकूम झाला आणि हलवायला कुणी उरलंच नसलं तर? तो उठला. बाकानं धोतराला धरून ठेवल्यासारखं वाटलं.

"ठरलं?" शिपायानं वही पुढं ओढली.

"दिपकचा बाप."

"नातं, बाबा. बंदी तुमचा कोण?"

"पोरगं," थावरा म्हणाला. "माझं पोरगं हाय."

शिपायानं लिहिलं. मिशीखालचं तोंड काही बोलू की नको करत राहिलं. "ही वही साहेब वर पाठवतात बरं. गुरुवारी."

"पाठवू द्या. जित्ती हाय का, एवढं बघू द्या आधी."

आतल्या बोळाला फिनेलचा आणि शिळ्या आमटीचा वास होता. टोकाला जाळी, जाळीपलीकडं हातभर अंगण, त्यापलीकडं लोखंडी दार. दुसरा एक शिपाई, तरुण, पायांत चपला, दाराजवळ जाऊन ओरडला, "दिपक थावरा! मुलाखत!" काही नाही. पुन्हा ओरडला. दारामागून खोकल्याचा आवाज आला, कोरडा, लहान. जित्ती होती.

"बघा, हे असं," तरुण शिपाई जाळीजवळ येऊन म्हणाला, तक्रार केल्यासारखा. "ह्या नावाला ओच देत न्हाई. मिना म्हणा म्हणते. आमाला रजिस्टरचं नाव घ्यावं लागते की न्हाई? बरॅकमध्ये चालून जायचं, ताट सगळ्यांबरोबर यायचं. इथं एकटी, इथं जेवणाला पुकारा असतो. ओ दिली न्हाई की ताट परत, बंदीनं नाकारलं असं लिहायचं. चार दिवसांपास्नं नवीन साहेब आलेत, तवापास्नं कडक झालं."

थावराला ते समजायला वेळ लागला. ती उपास करत नव्हती. तिला भूक होती. दिवसातून दोनदा कुणीतरी दारापाशी ताट घेऊन येत होतं आणि भलत्याच माणसाला हाक मारून परत जात होतं.

"मला हाक मारू द्या," तो म्हणाला. "मिना म्हणून. एकदाच."

"रजिस्टरच्या नावानं मारा. दुसऱ्या नावानं मारली की मुलाखत बंद, तसा हुकूम हाय. तुमीच तर आत्ता लिहून आलात, पोरगं म्हणून."

जाळीच्या तारा गरम होत्या. त्यानं त्यात बोटं अडकवली. डोक्यात विचार असा एकच आला, आणि तो त्याला शहाणपणाचा वाटला: नाव कुठलंही असो, आवाज माझा आहे. ह्या आवाजाचं तिनं सगळं ऐकून घेतलंय, राणी, मुंबई, वाऱ्यावर जगणारा लमाण. आवाज ओळखील आणि येईल. आली की डोळ्यांनी सांगता येईल. जेव म्हणून सांगता येईल. त्यानं घसा साफ केला.

"दिपक!" तो ओरडला. "ए दिपक, मी हाय, बा!"

दारामागं पाय घासल्याचा आवाज झाला. कुणीतरी उठून दारापाशी आल्यासारखा. एक खोकला अर्ध्यात दाबला गेला. मग ते घासणं उलट गेलं, हळूहळू, दारापासून दूर, आणि थांबलं.

"मिना!" थावरा ओरडला. "मिना गं! मिना, पोरी!" तो ओरडतच राहिला, तरुण शिपायानं खांद्याला धरून जाळीपासून सोडवलं तरी, बोळातून मागं नेलं तरी. लोखंडी दारामागून कशालाच ओ आली नाही. खिडकीपाशी वही उघडीच होती. मिशीवाल्या शिपायानं मघाच्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, बंदीने मुलाखत नाकारली, आणि खाली बोट ठेवून वही त्याच्याकडं फिरवली.

"इथं सही करा, बाबा. नातेवाइकाची."